‘साहित्यबाह्य’ : कशाच्या बाहेर?

मराठी समीक्षेत काही शब्द असे आहेत की ते उच्चारताच वाद संपला असे गृहीत धरले जाते. ‘साहित्यबाह्य’ हा त्यांतला अग्रगण्य. एखाद्या कादंबरीच्या चर्चेत कोणी जातीचा, जमिनीचा, मजुरीचा किंवा स्त्रीच्या शरीरावरील मालकीचा प्रश्न काढला की व्यासपीठावरून कोणीतरी शांतपणे सांगते : हे सारे महत्त्वाचे आहे, पण ते साहित्यबाह्य आहे. या वाक्यातील ‘पण’च्या अलीकडे सौजन्य असते आणि पलीकडे निकाल. परीक्षणांतून ‘साहित्यबाह्य निकष’, ‘कलाबाह्य आग्रह’, ‘वाङ्मयबाह्य प्रयोजने’ असे त्याचे सगेसोयरे भेटत राहतात. पदव्युत्तर वर्गांना मी पंधराएक वर्षे साहित्यसिद्धान्त शिकवते आहे. या शब्दाचा अर्थ काय, असे तोंडी परीक्षेत विचारले असता ‘जे साहित्यात नसते ते’ याहून वेगळे उत्तर क्वचितच मिळते. विद्यार्थ्यांना दोष देण्याचे कारण नाही. ज्यांच्या ग्रंथांतून त्यांनी तो शब्द उचलला त्या ग्रंथांतही बहुधा याहून अधिक काही सांगितलेले नसते.

प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे की ‘बाह्य’ ही एक संकल्पना नाही. त्या शब्दात एकमेकांशी न जुळणारे, प्रसंगी परस्परविरोधी असे अनेक अर्थ नांदतात, आणि आपली समीक्षा त्यांपैकी एका अर्थाची तार्किक प्रतिष्ठा घेऊन दुसऱ्याच अर्थाचे काम उरकते. प्रतिपक्षाच्या शब्दाला भलताच अर्थ चिकटवून त्याचे खंडन करणे याला न्यायशास्त्रात वाक्छल म्हणतात. येथे वक्ता स्वतःच्याच शब्दाशी छल करतो, आणि तो आपल्या ध्यानात येत नाही, कारण शब्द फार ओळखीचा आहे.

तो किती ओळखीचा आहे ते आधी पाहावे. संस्कृतातील ‘बहिस्’पासून प्राकृतातील ‘बाहिर’च्या वाटेने आलेला ‘बाहेर’ घराबाहेर, गावाबाहेर या रूपांत स्थळ सांगतो. ‘आवाक्याबाहेर’, ‘प्रमाणाबाहेर’ म्हणताना स्थळ मागे पडते व अतिरेकाचा अर्थ येतो. ‘खरे काय ते बाहेर आले’ यात बाहेर म्हणजे उजेड, आणि आत राहणे हाच दोष. ‘बाहेरून शांत’ यात तो पृष्ठभाग होतो. ‘बाह्यात्कारी’ म्हटले की त्या पृष्ठभागाविषयीचा संशयही सोबत येतो. ‘बाहेरची बाधा’ म्हणणाऱ्याच्या मनात कोणतीही भिंत नसते. पुरुष ‘बाहेरख्याली’ असला तर तो त्याचा छंद ठरतो. स्त्री ‘बाहेरची’ असली की ती तिची जात ठरते. विद्यापीठाच्या कारभारात तर मौजच आहे. ‘बहिःस्थ विद्यार्थी’ थोडा उणा समजला जातो, आणि ‘बहिःस्थ परीक्षक’ मात्र अंतर्गत परीक्षकापेक्षा अधिक विश्वासाचा. एकाच कचेरीतील एकच विशेषण एकाची पत उतरवते व दुसऱ्याची चढवते, आणि कोणालाही त्यात विसंगती दिसत नाही.

या सर्व प्रयोगांत एक मला सर्वांत बोधक वाटतो. आमच्या आजीच्या पिढीतील स्त्री महिन्यातून तीन-चार दिवस ‘बाहेर’ बसत असे. बसत असे ती घरातच : पडवीच्या कोपऱ्यात, नाहीतर न्हाणीशेजारच्या अंधाऱ्या खोलीत. तिने उंबरठाही ओलांडलेला नसे. तेव्हा ‘बाहेर’ या शब्दाने तिचे स्थान सांगितले जात नव्हते. इतरांनी तिच्याशी कसे वागायचे हे सांगितले जात होते. वर्णनाचे रूप घेतलेली ती आज्ञा होती. समीक्षेतील ‘साहित्यबाह्य’ हा शब्द याच जातीचा आहे, असे मी म्हणते. एखादा आशय कृतीत कोठे आहे याचे तो वर्णन करीत नाही. त्या आशयाला आपण शिवायचे नाही एवढेच बजावतो.

आता थोडे व्याकरण. मराठीत ‘बाहेर’ दोन प्रकारे येतो. शब्दयोगी अव्यय म्हणून आला की तो नामाच्या सामान्यरूपाला चिकटतो आणि सीमा उघड सांगतो : घराबाहेर, शाळेबाहेर. क्रियाविशेषण म्हणून एकटा आला की सीमा गिळली जाते : ‘बाहेर थांब’, ‘तो बाहेरचा आहे’. कशाच्या बाहेर, हे बोलणाऱ्याला व त्याच्या मंडळींना ठाऊक असते. ज्याला उद्देशून बोलले जाते त्याला ते ठाऊक असण्याची गरज नसते. ‘साहित्यबाह्य’ हा समास दिसायला पहिल्या प्रकारातला आहे. साहित्यापासून बाह्य, अशी पंचमी त्यात स्पष्ट दिसते. परंतु साहित्य म्हणजे काय, त्याची हद्द कोठवर, हाच जेथे वादाचा विषय असतो तेथे ती हद्द आधीच आखलेली आहे असे धरून चालणे म्हणजे साध्यालाच हेतू म्हणून पुढे करणे होय. अशा वेळी या शब्दाचा अर्थ ‘आम्ही जेथे बसलो आहोत तेथून बाहेर’ एवढाच उरतो.

संस्कृत व्याकरणकार याबाबतीत आपल्यापेक्षा कितीतरी सावध होते. अंतरंग आणि बहिरंग ही जोडी आपण त्यांच्याकडून घेतली. पुस्तकाच्या वेष्टनाचे व छपाईचे कौतुक करायला ‘बहिरंग’ हा शब्द आपण सर्रास वापरतो. व्याकरणात मात्र ही जोडी सापेक्ष आहे. ज्या कार्याची निमित्ते दुसऱ्या कार्याच्या निमित्तांच्या आत पडतात ते त्या दुसऱ्याच्या तुलनेत अंतरंग. तेच कार्य तिसऱ्याच्या तुलनेत बहिरंग ठरू शकते. आणखी महत्त्वाचे असे की बहिरंग कार्य व्याकरणाच्या बाहेरचे नसते. त्याची पाळी नंतर येते, इतकेच. पाळी आली की तेही होते, आणि ते झाल्याशिवाय रूप सिद्ध होत नाही. नागेशभट्टांच्या ‘परिभाषेन्दुशेखरा’त या एका परिभाषेचा केवढा काथ्याकूट आहे ते त्या ग्रंथाच्या अभ्यासकांना ठाऊक आहे. डेक्कन कॉलेजात असताना कीलहॉर्न यांनी या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर केले, म्हणजे पुण्याच्या विद्याव्यवहाराला तो परका नाही. योगसूत्रांतही हीच शिस्त आढळते. धारणा, ध्यान, समाधी ही आधीच्या पाच अंगांच्या तुलनेत अंतरंगे म्हणून सांगितली, आणि लगेच पुढच्या सूत्रात निर्बीज समाधीच्या तुलनेत तीच बहिरंगे ठरवली. ‘बाहेर’ या शब्दासोबत ‘कोणाच्या तुलनेत’ हे सांगावेच लागते, ही जाण आपल्या समीक्षेत कोठे हरवली?

आणि ती हरवली याचे आश्चर्य वाटू नये, असेही याच परंपरेत पुष्कळ आहे. पाणिनीच्या पहिल्या अध्यायात ‘अंतर’ हा शब्द ‘बाहेरचा’ या अर्थाने येतो तेव्हाची रूपे सांगणारे एक सूत्र आहे. ‘आत’ सुचविणारा शब्द ‘बाहेर’ हा अर्थ देतो ही नोंद भाषेच्या दृष्टीने चमत्कारिक आहेच. पण काशिकावृत्तीने त्याला दिलेले उदाहरण अधिक बोलके आहे. ‘अंतर’ घरे म्हणजे नगराबाहेरची, चांडाळादिकांची घरे. शब्दरूपसिद्धीच्या निरागस चर्चेत, दुसरे उदाहरण सुचू नये इतक्या सहजतेने, समाजाचा नकाशा येऊन बसला आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात प्रतिलोम संकरातून जन्मलेल्या मानल्या गेलेल्या समूहांना ‘बाह्य’ म्हटले आहे आणि त्यांच्याही पलीकडच्यांसाठी ‘बाह्यतर’ असे तर-भावाचे रूप योजले आहे. त्याच ग्रंथाच्या बाराव्या अध्यायात वेदाला न मानणाऱ्या स्मृतींना ‘वेदबाह्य’ म्हणून निष्फळ ठरविले आहे. ग्रंथांना आणि माणसांना एकच विशेषण! नाट्यशास्त्राकडे वळावे तर तेथे शास्त्रानुसारी प्रयोग तो ‘आभ्यंतर’, आणि ज्यांनी आचार्याकडून शास्त्र घेतले नाही त्यांचा तो ‘बाह्य’. त्याच शास्त्रात कुलस्त्री ‘आभ्यंतरा’ आणि वेश्या ‘बाह्या’. ज्यांना ‘साहित्यबाह्य’ हा शब्द शुद्ध सौंदर्यशास्त्रीय वाटतो त्यांनी ही वंशावळ एकदा डोळ्यांखालून घालावी. कलेतील बाह्य आणि समाजातील बाह्य यांची सांगड मार्क्सवाद्यांनी किंवा दलित समीक्षकांनी मागाहून घातलेली नाही. ती आपल्या शब्दाच्या पोटातच आहे.

म्हणूनच बाबासाहेब आंबेडकरांची शब्दनिवड समीक्षेच्या विद्यार्थ्याने व्याकरणाच्या अंगानेही वाचली पाहिजे. १९२४ साली त्यांनी स्थापलेल्या सभेचे नाव ‘बहिष्कृत हितकारिणी सभा’. ३ एप्रिल १९२७ रोजी सुरू केलेल्या पाक्षिकाचे नाव ‘बहिष्कृत भारत’. ‘बाह्य’ नव्हे, ‘बहिष्कृत’. ‘बाह्य’ हे विशेषण स्थिती सांगते. ती कोणी निर्माण केली याविषयी ते मौन पाळते, जणू ती वस्तू मुळापासूनच बाहेर होती. ‘बहिष्कृत’ हे कर्मणि भूतकालवाचक धातुसाधित आहे. त्यात क्रिया आहे, ती पूर्ण झालेली आहे, आणि क्रिया आहे म्हणजे कर्ताही आहे. वाक्यात तो लपला असला तरी व्याकरण त्याला सोडत नाही. त्याच वर्षीच्या २५ डिसेंबरला महाडला मनुस्मृतीचे दहन झाले. ‘बाह्य’ या शब्दाचे ‘बहिष्कृत’मध्ये रूपांतर करणे ही त्याच लढ्याची भाषिक बाजू होय, असे मला वाटते. मराठी समीक्षेने मात्र नंतरच्या काळात उलटा प्रवास केला. ज्याला बहिष्कृत म्हणायला हवे त्याला ती बाह्य म्हणू लागली.

एवढे लिहून झाल्यावर प्रतिपक्षाची न्याय्य बाजू मांडणे कर्तव्य आहे, कारण ती आहे. ‘साहित्यबाह्य’ ही कल्पना आपल्याकडे प्रथम ढाल म्हणून आली. नीतीच्या, सदभिरुचीच्या, राष्ट्रहिताच्या नावाने लेखकाला जाब विचारणाऱ्यांपुढे ती धरावी लागली. ‘काही कविता’ (१९४७) लिहिल्याबद्दल मर्ढेकरांना अश्लीलतेच्या खटल्याला तोंड द्यावे लागले व ते त्यातून निर्दोष सुटले, ही गोष्ट ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) वाचताना विसरता कामा नये. कलेचा निकष कलेतच शोधावा हा आग्रह ज्याने धरला तो आरामखुर्चीतील तत्त्वज्ञ नव्हता. पण ढाल हातात असते तोवर ढाल. ती जमिनीत रोवून तिच्यामागे वस्ती केली की तिची भिंत होते. मर्ढेकरांनंतर दोन पिढ्यांनी तेच केले. खुद्द मर्ढेकरांच्या लयतत्त्वातील संवाद, विरोध आणि समतोल ही नाती घ्या. साहित्यकृतीतील दोन भावार्थांत विरोध आहे हे वाचकाला कशाच्या आधारे कळते? त्या दोन गोष्टी जगात एकमेकींच्या विरोधात उभ्या असतात हे त्याला ठाऊक असते म्हणून. ते ज्ञान बाहेर ठेवून आत प्रवेश करणाऱ्याला लयच ऐकू येणार नाही. वेलेक आणि वॉरन यांच्या ‘थिअरी ऑफ लिटरेचर’चा (१९४९) आधार आपल्याकडे वारंवार दिला जातो, त्यांनी बहिर्निष्ठ अभ्यासासाठी एक संपूर्ण भाग राखून चरित्र, मानसशास्त्र, समाज, विचार आणि इतर कला यांवर पाच प्रकरणे लिहिली, हे सहसा सांगितले जात नाही. त्यांच्या अनुक्रमणिकेतील वर्गवारीचा आपण प्रवेशबंदीचा फलक केला.

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चे (१९३४ ते १९३६) उदाहरण देते, कारण ‘कलात्मक’ म्हणून त्याला सर्वच पक्षांची मान्यता आहे. त्यातील वडिलांच्या सोवळ्याचे प्रकरण विनोदाचा नमुना म्हणून पाठ्यपुस्तकांत येते. हा विनोद कशाने घडतो? आत काय येऊ द्यायचे, बाहेर काय थोपवायचे, या एकाच वेडाने एका घराचे सारे व्यवहार चालतात, आणि निवेदक त्या वेडाकडे ते मुळी वेडच नाही अशा बालसुलभ गंभीरपणे पाहते, या रचनेने. पुढे पतीच्या धर्मांतरानंतर तीच निवेदक स्वतः सीमेवर येऊन उभी राहते; आरंभीचा विनोद त्या ठिकाणी दुखऱ्या अंगाने परत येतो. सोवळेओवळे ही जातिव्यवस्थेची बाब, म्हणून साहित्यबाह्य, असे म्हणणाऱ्याने या पुस्तकाची घडण समजावून दाखवावी. सीमेचे ते समाजशास्त्र हाच येथे आकृतिबंध आहे.

आणखी एक दुटप्पीपणा. चोखामेळ्याची समाधी पंढरपूरला महाद्वारासमोर आहे. जिवंतपणी ज्याला आत घेतले नाही त्याला मृत्यूनंतरही दारापर्यंतच जागा मिळाली. बाहेर उभे राहावे लागण्याचे त्याचे दुःख त्याच्या अभंगांत आहे, आणि त्या अभंगांना साहित्यबाह्य म्हटल्याचे माझ्या वाचनात नाही. उलट त्यांतील आर्ततेवर आपण प्रश्नपत्रिका काढतो. तेच दुःख लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’त (१९८०) किंवा लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’त (१९८७) आले की ‘दस्तऐवज म्हणून मोल आहे’ असे वाक्य लेखणीतून उतरते. सुमारे सातशे वर्षांपूर्वीचे बहिष्करण साहित्यात जमा आणि आपल्या डोळ्यांसमोरचे खर्ची, असा हा हिशेब. ज्या अन्यायाचा जाब आपल्याला द्यावा लागणार नाही तोच आशय ‘सौंदर्यात्म’ ठरत असेल, तर ही अलिप्तता सौंदर्यशास्त्रातून आलेली नाही हे उघड आहे.

दुसऱ्या बाजूच्या मंडळींनाही मोकळे सोडता येत नाही. देशीवादाच्या नावाने लिहिणारे अनेक जण ‘बाहेरून आलेले’ हे निदान याच बेफिकिरीने करतात. कादंबरी बाहेरची, लघुकथा बाहेरची, अमुक जाणीव बाहेरची. येथे ‘बाहेर’चा अर्थ उगम असा आहे, पण निकाल मात्र ‘अप्रस्तुत’ असा दिला जातो, जणू उगम आणि मूल्य यांत फरकच नाही. नेमाडे यांच्या ‘टीकास्वयंवरा’तील (१९९०) युक्तिवादाला निदान भाषेच्या आणि साहित्यप्रकारांच्या अभ्यासाचे बळ आहे, अनुयायांनी त्यातून फक्त हद्दपारीची नोटीस उचलली. या वृत्तीचे टोक जानेवारी २०१९ मध्ये दिसले. यवतमाळच्या ९२व्या साहित्य संमेलनाच्या उद्घाटनासाठी नयनतारा सहगल यांना दिलेले निमंत्रण, इंग्रजी लेखिका मराठी संमेलनाची उद्घाटक कशी, अशी हरकत निघाल्यावर मागे घेण्यात आले. त्यांचे लिखित भाषण पुढे मराठीत सर्वत्र वाचले गेले. त्यात काय होते हे कळल्यावर ‘बाहेरची’ या विशेषणाने नेमके काय बाहेर ठेवले होते तेही कळले. भाषेच्या सीमेचे नाव पुढे करून दुसरीच सीमा राखण्यात आली होती.

तर मग हा शब्द टाकून द्यावा काय? मुळीच नाही. डिसेंबर २०२२ मध्ये कोबाड गांधी यांच्या पुस्तकाच्या अनघा लेले यांनी केलेल्या मराठी अनुवादाला जाहीर झालेला राज्य शासनाचा वाङ्मय पुरस्कार शासनाने निर्णय काढून रद्द केला. निषेधाचे काहींनी राजीनामे दिले. या हस्तक्षेपाला साहित्यबाह्य म्हणणे शंभर टक्के यथार्थ होय. येथे सीमा कोणती ते माहीत आहे : पुरस्काराची ठरलेली निवडप्रक्रिया. ती कोणी ओलांडली तेही माहीत आहे. कर्ता, क्रिया, अपादान, सारे जागच्या जागी. हा शब्द इतक्या नेमकेपणाने वापरता येतो, म्हणूनच तो इतरत्र सैल सोडला जातो त्याचा राग येतो. आणि ज्यांनी वर्षानुवर्षे तो लेखकांच्या आशयावर खर्च केला, त्यांच्या तोंडी तो सत्तेविरुद्ध आला तेव्हा त्याला धार उरली नव्हती, हेही सांगायला हवे.

देरिदा यांच्या ‘बाहेर’विषयक विधानाचा आपल्याकडे झालेला वापर हा वास्तविक स्वतंत्र लेखाचा विषय. संहितेला बाहेर नसते असा त्याचा सारांश करून काहींनी त्यातून स्वायत्ततावादाचे पुनरुज्जीवन केले. ज्या ‘ओर-तेक्स्त’ या फ्रेंच शब्दावर ते विधान उभे आहे तो ग्रंथनिर्मितीतला शब्द आहे. पुस्तकात वेगळे छापून घातलेले, मजकुराच्या पृष्ठांकात न मोजलेले चित्रपान असा त्याचा एक अर्थ होतो. म्हणजे जे मोजणीत नाही पण बांधणीत आहे ते. दार लावून घेण्याची सोय त्या विधानात शोधणे फार कठीण आहे.

असे एक पान मराठीत आपल्या समोरच आहे. नामदेव ढसाळ यांच्या ‘गोलपिठा’ला (१९७२) विजय तेंडुलकरांची प्रस्तावना आहे. मराठी रंगभूमीवर भाषेचे बारीक कान असलेला हा नाटककार त्या कवितेतील कित्येक शब्दांपाशी अडला. त्याने कवीला अर्थ विचारले, कवीसोबत त्या वस्तीत फिरून आला, आणि आपले हे अडणे त्याने झाकून ठेवले नाही. परिचित अर्थाने पाहिले तर तेंडुलकर मराठी साहित्याच्या आतले आणि ढसाळ बाहेरचे. त्या पुस्तकाच्या पानांवर मात्र स्थाने नेमकी उलटली आहेत. प्रमाण मराठीचा वाचक प्रथमच दाराबाहेर उभा आहे आणि आत येऊ का म्हणून विचारतो आहे. ‘गोलपिठा’तील वस्तीची भाषा, तेथील देवघेव, तेथील शिव्या या गोष्टी साहित्यबाह्य मानून या प्रसंगाचे विवेचन कसे करायचे, ते कोणीतरी एकदा लिहून दाखवावे, ते छापायला या नियतकालिकाचे संपादक नकार देणार नाहीत अशी माझी समजूत आहे.